मिडसोलचा फोम: ईव्हीए, टीपीयू, पेबा, 'सुपरक्रिटिकल'. आकडे कसे वाचायचे आणि फोम बसला हे कसं ओळखायचं?

चवडा_टाच

धावण्याच्या बुटांच्या नव्या जोडीसाठी मिडसोलची (बुटाच्या तळातल्या फोमच्या थराची) माहिती वाचायला घेतली आणि जितकं वाचलं तितका गुंता वाढला. मुद्दे एकत्र मांडतो. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहावं.

१. 'सुपरक्रिटिकल फोम' हा ईव्हीए किंवा पेबासारखा वेगळा पदार्थ आहे का? एका बुटाच्या माहितीत 'नायट्रोजन भरलेला फोम' असं लिहिलंय. तो नायट्रोजन हळूहळू निघून गेला तर बूट निकामी होतो का?

२. दोन बुटांची टाचेखालची जाडी सारखीच, ३८ मिमी. एका तक्त्यात पहिल्याचा कडकपणा २२ दिलाय, दुसऱ्या तक्त्यात दुसऱ्याचा ४०. पायात घातल्यावर मात्र ४० वालाच मऊ लागतो. असं का?

३. 'ऊर्जा परतावा ८७ टक्के' हा आकडा प्रत्यक्ष धावण्याच्या मेहनतीशी कसा जोडायचा?

४. खालचं रबर शाबूत असताना आतला फोम संपलाय हे कसं कळतं? '५०० ते ८०० किमी' हे उत्तर सगळीकडे मिळतं, त्यामागचं कारण कुठेच मिळत नाही.

५. वजन ८० किलो, पाऊल आधी टाचेवर पडतं, आठवड्याला ५० किमी, वेग किमीला साडेपाच ते सव्वासहा मिनिटं, सगळं डांबरी रस्त्यावर. यासाठी काय बघून घ्यावं?

---

पॉलिमर_पाटी

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच फुटतो. फोमच्या नावात तीन गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: तो कशाचा बनलाय, कसा फुगवलाय आणि कंपनीने त्याचं बारसं काय केलंय. तिसरी गोष्ट बाजूला ठेवा. पहिल्या दोन वेगळ्या करून वाचल्या की बरंच स्वच्छ दिसतं. ईव्हीए, टीपीयू, पेबा ही पदार्थांची नावं. सुपरक्रिटिकल हे फुगवण्याच्या पद्धतीचं नाव. त्यामुळे सुपरक्रिटिकल ईव्हीएही असतो, सुपरक्रिटिकल टीपीयूही असतो आणि पेबाही.

ईव्हीए म्हणजे एथिलीन आणि व्हिनिल अ‍ॅसिटेट यांचं कोपॉलिमर, म्हणजे दोन्हींचे रेणू जोडून केलेल्या लांब साखळ्या. व्हिनिल अ‍ॅसिटेट वाढवलं की माल मऊ आणि रबरासारखा होतो. बुटांच्या मिश्रणात ते साधारण १८ ते २८ टक्के असतं. धावण्याच्या बुटांत हा फोम १९७० च्या दशकाच्या मध्यात आला, ब्रुक्सच्या बुटांतून. नेहमीच्या रासायनिक पद्धतीत ईव्हीएमध्ये अ‍ॅझोडायकार्बनमाइड (गॅस सोडणारं), डायक्युमिल पेरॉक्साइड (साखळ्या एकमेकींना बांधणारं, म्हणजे क्रॉसलिंकिंग करणारं), झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल आणि थोडा भराव मळून घेतात आणि साच्यात १६० ते १७५ अंशांच्या आसपास दाबून शिजवतात. अ‍ॅझोडायकार्बनमाइड एकटं असेल तर २०० अंशांच्या पुढेच फुटतं. झिंक ऑक्साइड ते तापमान खाली ओढतं, म्हणून ते घालावंच लागतं.

इथे सगळा खेळ वेळेचा असतो. साखळ्या लवकर बांधल्या गेल्या तर गॅसला फुगायला जागाच राहत नाही, फोम जड आणि टणक होतो. उशिरा बांधल्या गेल्या तर कप्प्यांच्या (फोममधल्या बारीक बुडबुड्यांच्या) भिंती फाटतात, मोठी भोकं पडतात आणि माल थंड होताना आत बसतो. साचा उघडला की ईव्हीए टुणकन बाहेर उडी घेतो आणि लांबीत दीडपटीहून जास्त वाढतो. म्हणून साचा मुळातच लहान कापलेला असतो. ही वाढ दर घाण्यात थोडी मागेपुढे होते. एकाच मॉडेलच्या, एकाच मापाच्या दोन जोड्यांच्या कडकपणात आणि जाडीत थोडा फरक निघतो त्याचं कारण हेच. तो फरक दिसला म्हणून बूट बनावट ठरत नाही.

टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) मिडसोलमध्ये बहुधा मण्यांच्या रूपात येतो. आधीच फुगवलेले मणी साच्यात भरायचे, वाफ सोडायची, मण्यांची फक्त वरची कातडी वितळून एकमेकांना चिकटते. आदिदासचा बूस्ट २०१३ मध्ये असाच आला, मणी बीएएसएफचे. उसळी चांगली, थंडीत फारसा टणक होत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण तिघांत सगळ्यात जड. बिघडतो तो बहुधा मण्यांच्या सांध्यात: वाफ कमी पडलेली असेल तर कडेचे मणी एकेक करून सुटायला लागतात. ऊन लागून पिवळा पडतो, पण नुसत्या पिवळेपणाने उसळी गेली असं समजू नका.

पेबा म्हणजे पॉलिइथर ब्लॉक अमाइड. एकाच साखळीत पॉलिअमाइडचे कडक तुकडे आणि पॉलिइथरचे मऊ तुकडे आलटून पालटून असतात. कडक तुकडे गाठीचं काम करतात, मऊ तुकडे ताणले जाऊन परत येतात आणि त्यात उष्णता म्हणून फार कमी वाया जातं. मऊ तुकडा शून्याखाली कितीतरी अंशांपर्यंत लवचीक राहतो, म्हणून गारठ्यात पेबा ईव्हीएइतका बदलत नाही. नायकीचा झूमएक्स २०१७ च्या व्हेपरफ्लायमध्ये आला तो या घराण्यातला. पेबाचा त्रास दोन जागी. एक, गोंद धरायला तो हट्टी असतो. प्रायमर नीट लागला नसेल तर रबर किंवा वरचा कपडा कडेने सुटतो. दोन, उघडा फोम रस्त्याला घासला की लवकर खरवडला जातो.

आता सुपरक्रिटिकल. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार यांच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही. घनतेने द्रवासारखा, पसरण्याने वायूसारखा. अशा अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन बंद भांड्यात तापवलेल्या पॉलिमरमध्ये मुरू देतात आणि मग दाब एकदम सोडतात. विरघळलेला वायू एकाच वेळी असंख्य ठिकाणी बुडबुडे धरतो. कप्पे बारीक आणि सारखे येतात, फुगवणाऱ्या रसायनाचा अवशेष राहत नाही, घनताही खाली नेता येते. नेहमीचा ईव्हीए मिडसोल घन सेंटिमीटरला ०.१५ ते ०.२५ ग्रॅम असतो. या पद्धतीने ०.१ च्या जवळ जाता येतं. कार्बन डायऑक्साइड पॉलिमरमध्ये जास्त विरघळतो, पण नंतर भराभर बाहेर पडतो आणि फोम आक्रसण्याचा धोका राहतो. नायट्रोजन कमी विरघळतो, पण कप्पे अधिक बारीक देतो आणि आक्रसणंही कमी. स्केचर्सचा हायपर बर्स्ट हा सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने फुगवलेला, ब्रुक्सचा डीएनए लॉफ्ट व्ही३ नायट्रोजनने. दोन्हींचा मूळ पदार्थ ईव्हीएच.

आणि 'नायट्रोजन भरलेला' म्हणजे टायरसारखा भरून ठेवलेला नव्हे. त्याचं काम फुगवण्यापुरतं. पुढे तो भिंतींतून झिरपून निघून जातो आणि कप्प्यांत साधी हवा येते. हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हा बदल बूट तुमच्या पायात येईपर्यंत बराचसा होऊन गेलेला असतो. काळजी करण्यासारखं त्यात काही नाही.

---

आकडेमोड

वरचं उत्तर छान आहे. मी २ आणि ३ घेते.

कडकपणाचा आकडा कुठल्या मापकाने घेतलाय हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. शोअर ए मापक रबरासाठी बनवलेला. त्याची सुई बोथट शंकूची, टोक ०.७९ मिमी रुंद. फोममध्ये ती भोसकल्यासारखी घुसते. ॲस्कर सी मापकाचं टोक अर्धगोल, ५.०८ मिमी व्यासाचं, मऊ फोमसाठीच केलेलं. एकाच फोमवर शोअर ए २० च्या आसपास आणि ॲस्कर सी ४० च्या आसपास दाखवू शकतो. तुमचा २२ आणि ४० हा फरक बहुधा दोन मापकांचा आहे, दोन फोमांचा नाही.

मापक एकच असला तरी कुठे टेकवला हे बघावं लागतं. साच्याच्या भिंतीला लागलेली फोमची कातडी दाट असते. बाजूने मोजलं की आकडा जास्त येतो, बूट कापून गाभ्यात मोजलं की कमी. शिवाय हे मापक फार तर २.५ मिमी आत जातात. धावताना टाच त्याच्या कितीतरी पट खोल दबते. पहिल्या दोन मिलिमीटरला मऊ असलेला फोम पुढे भिंतीसारखा होऊ शकतो.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बंद कप्प्यांचा फोम दाबला की आधी भिंती वाकतात आणि त्याला फार जोर लागत नाही. मग आतली हवा आकसते, जोर हळूहळू वाढतो. शेवटी भिंतीवर भिंत टेकते आणि फोम जवळपास भरीव प्लास्टिकसारखा वागायला लागतो. यालाच आपण तळ लागला म्हणतो. घनता निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही. भिंतींच्या वाकण्याचा हिशोब केला तर तो साधारण पाव होतो. म्हणून हलका फोम पातळ ठेवून चालत नाही, जाड थर द्यावाच लागतो. हल्लीच्या बुटांची उंची वाढली त्यामागे हे गणित आहे. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिमीची मर्यादा घातली आणि ट्रॅकवर १ नोव्हेंबर २०२४ पासून २० मिमीची, तीही या उंचीच्या चढाओढीमुळेच. सरावाच्या बुटांना तो नियम लागत नाही.

आता ८७ टक्के. हा आकडा कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेतून आला, व्हेपरफ्लायच्या प्रायोगिक जोडीवरून. अभ्यास २०१७ अखेर प्रसिद्ध झाला. यंत्राने बूट सुमारे २००० न्यूटनपर्यंत दाबून सोडला. दाबताना जितकी ऊर्जा घातली त्यातली ८७ टक्के सुटताना परत मिळाली. तुलनेला घेतलेल्या बूस्टच्या बुटात ७५.९ टक्के, ईव्हीएच्या शर्यतीच्या बुटात ६५.५ टक्के. उरलेली उष्णता.

पण टक्केवारीवर थांबू नका, खरी गोष्ट जूलमध्ये आहे. त्या पेबाच्या बुटाने पावलागणिक साधारण ७.५ जूल परत दिले. बूस्टने आणि ईव्हीएने जवळपास सारखेच, साडेतीन जूलच्या आसपास. बूस्टची टक्केवारी ईव्हीएपेक्षा दहा अंकांनी चांगली असूनही जूल तेवढेच, कारण दोन्ही साधारण ६ मिमी दबत होते आणि पेबाचा बूट जवळपास १२ मिमी. जो फोम दबतच नाही तो परत तरी काय देणार? साठवण आणि परतावा यांचा गुणाकार बघायचा. त्यामुळे नुसती टक्केवारी छापणाऱ्या जाहिरातीतून तुमच्या हाती काहीच लागत नाही.

या सगळ्याचा शरीरावर परिणाम: १८ धावपटूंत सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली, तीही बुटांची वजनं शिसं घालून सारखी केल्यावर. वजनाचा हिशोब वेगळा धरा. दर बुटाला १०० ग्रॅम वाढले की धावण्याची मेहनत साधारण १ टक्का वाढते. सरासरीच्या पोटात माणसामाणसांतला फरक मात्र मोठा असतो. २०२३ च्या एका अभ्यासात जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंना नव्या पिढीच्या बुटांत ११ टक्क्यांहून जास्त फायद्यापासून ११ टक्क्यांहून जास्त तोट्यापर्यंत काहीही झालेलं दिसलं.

कार्बन प्लेटलाच (शर्यतीच्या बुटांत फोमच्या आत बसवलेल्या ताठ पट्टीलाच) सगळं श्रेय देणाऱ्यांसाठी: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हेपरफ्लायच्या प्लेटला आडवे सहा काप देऊन तिचा ताठपणा घालवला. धावण्याच्या मेहनतीत फरक पडला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आकडेशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. प्लेट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. इतक्या मऊ, उंच फोमला आकार धरून ठेवायला ती लागते. पण ऊर्जेची बचत मुख्यतः फोमची.

---

किमी_नोंद

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा, जरा लांब लिहिते.

किमीला ९९० ते १००० पावलं धरा, म्हणजे ५०० किमीत प्रत्येक पायाचा बूट अडीच लाख वेळा दबतो. ईव्हीएच्या कप्प्यांच्या भिंती दर वेळी वाकतात, हळूहळू त्यांना कायमच्या सुरकुत्या पडतात, काहींना भोकं पडतात. २००४ च्या एका अभ्यासात ७५० किमी चाललेल्या ईव्हीएमध्ये हेच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं, आणि ५०० किमीनंतर तळव्यावरचा सर्वाधिक दाब सरासरी दुप्पट झाला होता. ५०० चा आकडा हवेतून आलेला नाही. पण तो त्या काळच्या ईव्हीएचा, त्या जाडीचा आणि त्या घनतेचा आहे. सगळ्या फोमांना तो लावणं चूक.

पेबाची गोष्ट वेगळी. तो संपतो तेव्हा पायाला कडक लागेलच असं नाही. आधी जाते ती उसळी. ४५० किमी चालवलेल्या पेबाच्या बुटांची नव्या ईव्हीए बुटांशी तुलना केली तेव्हा नव्या पेबाला जो फायदा होता तो उरला नव्हता. सरावासाठी असा बूट पुढेही चालेल. शर्यतीसाठी ज्या कारणाने घेतला ते कारण मात्र संपलेलं असतं.

आउटसोल (खालचं रबर) बघून फोमचा अंदाज बांधू नका. रबर घासलं जाणं आणि फोम थकणं या दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. टाच घासत धावणाऱ्याचं रबर आधी जातं, वजनदार पण नीट पाऊल टाकणाऱ्याचा फोम आधी जातो.

नजरेने बघायच्या खुणा. बूट ४८ तास विश्रांतीला ठेवा, मग सपाट टेबलावर मागून बघा. टाच एका बाजूला कललेली असेल तर त्या कडेचा फोम बसलाय. बाजूच्या भिंतीवरच्या आडव्या सुरकुत्या दोन दिवसांनीही मिटल्या नाहीत तर त्या कप्पे चेमटल्याच्या. इनसोल काढून आत हात घाला; टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाशी वाटीसारखा खड्डा लागतो का बघा. इनसोलच चपटा झाला असेल तर आधी तो बदलून पाहा, कित्येकदा 'फोम संपला' असं वाटतं ते फक्त इनसोल बसल्यामुळे. अंगठ्याने दाबून बघण्याचा फारसा उपयोग नाही. अंगठ्याचा जोर आणि धावतानाचा जोर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोजून बघायचं असेल तर घरी जमण्यासारखी एक पद्धत आहे. ड्रिल उभं बसवून खाली दाबता येईल असा ड्रिल स्टँड आणि डिजिटल वजनकाटा लागतो. ड्रिलचा प्लग काढून ठेवा. ४५ मिमी व्यासाचा, खालची कड गोलसर घासलेला लाकडी दांडा ड्रिलच्या चकमध्ये बसेल असा करून घ्या; बुटाच्या कॉलरच्या वर राहील इतका लांब हवा.

आधी बुटाशिवाय दांडा थेट काट्यावर २ किलोपासून ३० किलोपर्यंत दाबा आणि स्टँडच्या मोजपट्टीवर किती मिलिमीटर उतरला ते लिहून ठेवा. काटा स्वतःही दबतो, तो आकडा नंतर वजा करायचा आहे. मग इनसोल काढलेला बूट काट्यावर ठेवा, दांडा टाचेच्या मध्यावर आणा, २ किलो दिसले की मोजपट्टी शून्य धरा, तिथून ३० किलोपर्यंत सावकाश दाबा. तीनदा दाबून सोडा आणि चौथा आकडा लिहा, कारण पहिले एक-दोन दाब नेहमी वेगळे येतात. खोली दर वेळी सारख्याच उबेची हवी. ईव्हीए गार पडला की ताठ होतो, आणि दोन ऋतूंतले आकडे शेजारी ठेवले तर तुम्ही फोमऐवजी हवामान मोजत असता.

याला मर्यादा आहेत. ३० किलो म्हणजे ३०० न्यूटनच्या आत, धावतानाचा जोर याच्या कितीतरी पट. आणि सावकाश दाबल्यामुळे ऊर्जा परतावा यातून अजिबात कळत नाही. पण त्याच बुटाची त्याच बुटाशी तुलना करायला पुरेसं आहे. बूट नवा असतानाचा आकडा हाताशी हवा, तो नसेल तर ही सगळी खटपट वाया.

---

चवडा_टाच

तिघांचेही मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. एक, दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या की फोम जास्त टिकतो म्हणतात, ते खरं का? दोन, भिजलेला बूट हीटरजवळ वाळवला तर नुकसान होतं का?

---

पॉलिमर_पाटी

पहिल्याचं उत्तर अर्धं होकारार्थी आहे. लांब धावेत फोम दोन प्रकारे बसतो. काही बसणं तात्पुरतं: साखळ्या ताणलेल्या अवस्थेत सरकतात, कप्प्यांतली थोडी हवा बाहेर झिरपते. हे काही तासांत ते एक-दोन दिवसांत बऱ्यापैकी भरून येतं. दुसरं बसणं भिंतींच्या सुरकुत्यांचं आणि फाटण्याचं. ते कितीही विश्रांती दिली तरी भरत नाही. जोड्या आलटून वापरल्या की दर वेळी पूर्ण उमललेला फोम पायाखाली मिळतो, हा फायदा खरा. पण त्याने एका जोडीचं आयुष्य दुप्पट होईल अशी आशा धरू नका. तेवढेच किमी दोन जोड्यांत वाटले जातात.

हीटरला मात्र ठाम नकार. बुटांतल्या ईव्हीएचे स्फटिक ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान वितळतात. साखळ्या बांधलेल्या असल्याने तो वाहून जाणार नाही, पण त्या उष्णतेत दबलेला भाग दबलेल्याच आकारात गोठतो आणि कडा आक्रसतात. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतही बूट ठेवू नका. गोंदाचंही तेच, उष्णतेने मऊ पडतो आणि चवड्याच्या वाकणाऱ्या जागी थर सुटतो. इनसोल आणि नाड्या काढा, आत कागद कोंबा, तासाभराने तो बदला, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत ठेवा. वॉशिंग मशीनचं गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही टाळा.

यातच एक इशारा जोडतो. काही जुन्या बुटांत पॉलियुरेथेनचा मिडसोल असतो, त्यातला पॉलिएस्टर प्रकार दमट हवेने आतून तुटतो. खोक्यात न वापरता ठेवलेला बूट काही वर्षांनी पहिल्याच धावेत भुगा होऊन सुटतो तो यामुळे. ईव्हीए आणि पेबा असे भुगा होत नाहीत. तरी साठा करून ठेवू नका, गोंदाचं वय वाढतच असतं.

---

आकडेमोड

राहिला पाचवा प्रश्न. ८० किलोला धावतानाचा सर्वाधिक जोर वजनाच्या अडीचपट धरला तर २००० न्यूटनच्या जवळ येतो. म्हणजे वर सांगितलेल्या प्रयोगशाळेतल्या भाराशी तुमचं चांगलं जुळतं आणि ते आकडे तुम्ही स्वतःला लावू शकता. ५५ किलोच्या माणसाने ते जसेच्या तसे लावू नयेत. त्याच्याकडून तोच फोम तितका दबणारच नाही.

टाचेवर उतरणाऱ्याचा पहिला स्पर्श टाचेच्या बाहेरच्या मागच्या कडेवर होतो, जागा अगदी लहान. तिथे अतिमऊ फोम उभा चिरल्यासारखा दबतो आणि घोटा आत ओढला जातो. म्हणून तुमच्यासाठी फोमच्या जातीइतकीच त्याची बैठक महत्त्वाची. टाचेखालचा पाया टाच धरणाऱ्या वरच्या कपापेक्षा स्पष्टपणे रुंद हवा, मागची कड तिरकी कापलेली हवी, आणि टाचेच्या मध्यात उगाच खोल पोकळी नको. आठवड्याच्या ५० किमीसाठी सुपरक्रिटिकल ईव्हीए, किंवा वर पेबा आणि खाली-कडेने जरा ताठ ईव्हीएची चौकट असा जोड फोम, हे दोन पर्याय मला सगळ्यात समंजस वाटतात. निव्वळ पेबाचा प्लेटवाला बूट शर्यतीसाठी आणि वेगाच्या सरावासाठी राखा. किमीला सहा मिनिटांच्या वेगाला त्याची अस्थिरता जाणवेल आणि फोम उगाच खर्ची पडेल.

जितकं मऊ तितकं सुरक्षित, हेही डोक्यातून काढा. ८४८ हौशी धावपटूंवरच्या २०२० च्या अभ्यासात कडक बुटांच्या गटात दुखापतीचा धोका दीडपट होता, हे खरं. पण मऊ बुटाचा फायदा त्यात वजनाने हलक्या धावपटूंना झालेला दिसला, वजनदारांना नाही. आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ताशी १४.५ किमीला जाड, मऊ बुटांत पायाला बसणारा दणका उलट वाढला, कारण मऊ जमीन जाणवली की शरीर पाय ताठ करून उतरतं. तुमच्या वेगाला तो परिणाम कमी असेल, पण अतिमऊ घेण्याचं कारणही नाही.

---

चवडा_टाच

म्हणजे नवी जोडी आली की धावायच्या आधी मोजायचं. जाडी मोजताना नेमकी कुठे मोजू?

---

किमी_नोंद

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स जिथे मोजते तिथेच मोजा, म्हणजे इतरांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर टाचेची जाडी आणि ७५ टक्क्यांवर चवड्याची, दोन्ही अंतरं टाचेकडून. आतली लांबी २७० मिमी असेल तर टाचेपासून ३२ मिमी आणि २०२ मिमी. बूट न कापता मधली जाडी मोजायला लांब दांड्यांचा बाहेरून धरणारा कॅलिपर लागतो. तो नसेल तर त्याच दोन जागी बाहेरच्या भिंतीवर वर-खाली न पुसणाऱ्या पेनने बारीक ठिपके द्या आणि ठिपक्यांतलं अंतर साध्या व्हर्नियरने घ्या. कड मधल्या भागापेक्षा वर चढवलेली असते, त्यामुळे हा आकडा कंपनीच्या ३८ शी जुळणार नाही. तुम्हाला फक्त घट बघायची आहे. आतली आणि बाहेरची कड वेगवेगळी लिहा. दर १०० किमीला, दोन दिवस विश्रांती देऊन, सकाळी घालायच्या आधी परत घ्या. दोन कडांतला फरक वाढायला लागला तर एकूण घट कमी असली तरी ती जोडी लांब धावेतून काढा.